जयवंताबाईंच्या बांगड्या

आमच्या सासूबाई, जयवंताबाई, कधी चुकत नाहीत असं मी म्हणणार नाही. चुकतात की! मागच्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणात कटाची आमटी बिनमिठाची झाली, आणि आमच्या निम्म्या बरकतपुरा मोहल्ल्यानं ती 'छान, छान' म्हणत गिळली. माझा नवरा रितेश तेवढ्यावरून हटून बसला, "आई, यंदा परत तसं झालं तर पुढल्या सालापासून कॅटरर!" पण सणाचा ओटा हातचा गेला तर बाई खचणार, हे मला दिसत होतं.

त्यात हा नैवेद्याचा स्वयंपाक. देवीला दाखवल्याशिवाय थेंबभर चाखायची सोय नाही. मग चूक कळायची कशी?

यंदा आमटीला उकळी आली तेव्हा मी मुद्दाम विचारलं, "आई, मीठ?"

"टाकलं की गं."

मी निर्धास्त झाले. नैवेद्याचं ताट वाढायला घेतलं, त्यांनी आमटीची पळी भरली, आणि हात तिथंच थांबला.

"प्रणिता, काहीतरी राहिलंय."

"आता नक्को हो आई! सगळे आरतीला उभे आहेत."

"राहू देत उभे." त्या स्वतःच्या हाताकडं बघत राहिल्या. हिरवा चुडा मनगटावर, बोटांवर फोडणीची हळद अजून तशीच. "मीठ घ्यायच्या आधी मी बांगड्या कोपराकडं सारते. मिठाचा हात धुतल्याबिगर त्या खाली घेत नाही. अन् हात धुतला असता तर ही हळद राहिली असती का? मीठ पडलंच नाही."

"अहो, तुम्हीच म्हणालात ना टाकलं म्हणून!"

"तोंड म्हणालं. त्याला काय, सवयच लागलीय."

मीठ आधीच पडलेलं असलं तर पुन्हा टाकून आमटी खारट, आणि कॅटरर दारात! म्हटलं, निदान अर्धंच टाका.

"अर्धं कशाला? नाही म्हणजे नाही." त्यांनी बांगड्या वर सारल्या, नेहमीच्या मापानं मीठ टाकलं आणि आणखी एक उकळी काढली.

आरती झाली, पंगत बसली. रितेशनं पहिला भुरका मारला.

"आई," वाटी पुढं करत तो म्हणाला, "अजून वाढ गं."

सासूबाईंनी काठोकाठ वाढली. "पुढल्या सालचा कॅटरर ठरवलास का रे?"

"जाऊ दे ना आई. कशाला आता?"

"बोलाव की, मी कुठं नको म्हणते? फक्त त्याला सांग, बांगड्या भरून ये."