तांड्यावरचे वरण

पोट लहान करण्याची शस्त्रक्रिया होऊन आता पुष्कळ वर्षे लोटली. तिच्यापूर्वी मला जमिनीवर बसता येत नसे. पूजा सांगणारा खुर्चीत आणि देव खाली चौरंगावर, हे मनाला सतत बोचे. यजमान काही म्हणत नसत. पण सारे खाली बसले की मी एकटाच देवाहून उंचावर बसलेलो असे. शस्त्रक्रियेनंतर वजन उतरले आणि मी पुन्हा पाटावर मांडी घालू लागलो. पहिल्या दिवशी अभिषेक आटोपल्यावरही मी देवघरातून उठलो नाही. बसता येते आहे, एवढ्यासाठीच बसून राहिलो.

शस्त्रक्रिया झाली म्हणजे प्रकरण मिटले, असे गावाला वाटत होते. मलाही तसेच वाटत होते. मात्र गेल्या श्रावणात शिरड शहापूरला, माझ्याच घरी, पाटावरून उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागला. धोतराची गाठ नेहमीच्या ठिकाणी बसेना. तपासणीला गेलो, तेव्हा डॉक्टरांनी वजनकाट्याकडे पाहून विचारले, "गुरुजी, दिवसभरात काय खाता?"

मी सांगितले, "सकाळी अर्धी भाकरी, वाटीभर वरण. सायंकाळी ताक."

माझी पत्नी शेजारीच होती. "आणि प्रसाद?" तिने विचारले.

"प्रसाद म्हणजे काही जेवण नव्हे."

"हे तुमच्या पोटाला कुणी कळवलंय का?"

डॉक्टर हसले, पण मग त्यांनी शांतपणे समजावले. वरण, उसळ, भाकरी लहान पोटात थांबतात आणि पुरेसे झाल्याची जाणीव देतात. शिरा, पंचामृत, साखर घातलेले दूध हे घसरत पुढे जाते. पोट भरल्याचे कळत नाही आणि अंगाला मात्र सारे लागते. म्हणून आधी डाळ. हा नियम वर्षा-दोन वर्षांचा नाही, जन्मभराचा आहे.

परतताना जीपमध्ये मी आमच्या आचाराचा विचार करीत होतो. पाठशाळेत आम्हांला शिकवले होते की यजमानाच्या चुलीवर शिजलेले वरण, भात, भाकरी घेऊ नये. तुपातला प्रसाद, दूध आणि फळे घ्यावीत. श्रावणात एकेका दिवशी अनेक घरी पूजा असत. प्रत्येक घरी द्रोण पुढे येई आणि प्रसाद टाकू नये म्हणून मी तो संपवीत असे. जे शरीराला वर्ज्य, नेमके तेच आचाराला मान्य होते. मी नियम मोडून जाड झालो नव्हतो. अत्यंत निष्ठेने पाळून झालो होतो.

त्याच आठवड्यात सिद्धेश्वरकडच्या एका बंजारा तांड्यावर सत्यनारायण होता. घरची म्हातारी कर्ती बाई. तिने शिऱ्याचा भरलेला द्रोण माझ्यापुढे ठेवला. मी तळहातावर कणभर घेतला, मस्तकी लावला, मुखात घातला आणि द्रोण हलकेच बाजूला सारला.

"काहून महाराज? मागल्या साली तर द्रोण पुसून खाल्ला तुमी."

"पोटाचं ऑपरेशन झालंय माझं. ठाऊक आहे ना?"

"व्हय की. पन त्याला किती साल झाले. त्याच्या नंतरच तर खात होते." ती हसत होती, पुढचे वाक्य बोलताना हसणे थांबले. "आता आमच्या हातचं नको झालं का?"

तिचा मुलगा चौरंगाला बांधलेले केळीचे खांब सोडवीत होता. त्याचे हात थांबले. माझे वडील या तांड्यावर येत, तेव्हा बाहेर लिंबाखाली बसून स्वतःच्या तांब्यातले पाणी पिऊन परत जात. नवी सून असताना म्हातारीने ते दारातून पाहिलेले असणार. मी बाजूला सारलेल्या द्रोणाचा तिला लागलेला अर्थ काही तिने उगाच कल्पिलेला नव्हता.

मी तिला सारे सांगितले. वजन परत येते आहे. ते आले की मला खाली बसता येणार नाही, आणि पुन्हा खुर्चीतून पूजा सांगण्याची माझी इच्छा नाही.

"मग तुमाला चालतं तरी काय?"

"डाळ. आधी डाळ."

"डाळ तर चुलीवरच हाय," ती म्हणाली. "पन आमच्या घरची डाळ तुमी कुठं घेता?"

हे तिने टोमणा म्हणून म्हटले नाही. वाटसरूला रस्ता सांगावा, तसे सांगितले. मी समोरच्या देवाकडे पाहिले. ज्याला याच चुलीवरचा शिरा अर्पण करून मी मंत्र म्हटले होते, तो माझ्यापेक्षा कमी शुचिर्भूत नव्हता.

"भात नको," मी म्हणालो. "वाटीभर वरण द्या."

ती आत वळून सुनेला आपल्या बोलीत काहीतरी म्हणाली आणि मला म्हणाली, "बरं झालं आत्ताच बोलले. ती लसनाची फोडनी देऊन राहिली होती. तुमाला सावनात लसून न्हाई चालत. बिनफोडनीचं काढते."

तुरीचे घट्ट वरण, वर मिठाचे चार खडे. मी लहान चमच्याने, एकेक घास घोळवीत खाऊ लागलो. ती समोर बसून पाहत होती.

"लेकरू बी याच्याहून लवकर खातं."

"हळूच खावं लागतं, मावशी."

"खा, खा. गाडी न्हाई सुटत तुमची."

आता कुणाकडून पूजेचे बोलावणे आले की माझी पत्नी साहित्य सांगून झाल्यावर शेवटी म्हणते, "आणि वाटीभर डाळ, लसूण न घालता." काही घरी ती आनंदाने मिळते, काही घरी जरा अवघडून. आमच्याच आळीतल्या एका घराने मला बोलावणे बंद केले. त्याचे मला दुःख आहे. पण त्यांचा आचार त्यांना प्रिय आहे, हे मी समजू शकतो. वजन थोडे उतरून थांबले आहे. ते थांबलेले राहील याची हमी कुणी देत नाही, म्हणून रोज पहिल्या घासाला नव्याने सावध व्हावे लागते.

या श्रावणात तांड्यावर पुन्हा पूजा झाली. आरतीनंतर मी एक हात जमिनीला टेकून पाटावरून उठू लागलो. भिंत लागली नाही. तेवढ्यात ती आतून वाटी घेऊन आली.

"उठता कुठं, महाराज? बसा खाली. वरन गार होऊन राहिलं."

मी पुन्हा मांडी घातली.