फोनचं माहेर

मावशी आधी हनुवटी धरायची. समोरची मुलगी इंजिनीयर असो की बँकेतली साहेबीण, मावशी तिच्या हनुवटीखाली एक बोट ठेवायची, तोंड गॅलरीच्या उजेडाकडे वळवायची आणि म्हणायची, "इकडे बघ. असं नाही गो, खरं बघ."

तुमच्याही सोसायटीत अशी एक बाई असेल, निदान होती तरी असेल. लग्नं जुळवणारी. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत ही होती. सगळ्यांची मावशी, सख्खी कुणाचीच नाही. मूळची मालवणकडची. नवरा गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर लालबागची खोली विकून दोघं इकडे आली. पुढे नवरा गेला, मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली, आणि रिकामं घर खायला उठलं तेव्हा मावशीने दुसऱ्यांची घरं वसवायला घेतली. त्याचे पैसे ती घेत नसे. लग्नात पहिल्या पंगतीला मान मिळाला की खूश.

तिची अट एकच. फोटो तिने काढलेला हवा. "स्टुडिओतला फोटो म्हणजे भाड्याचा शालू," ती म्हणायची. "मिरवायचं नि परत द्यायचं." मुलगा असो, मुलगी असो, गॅलरीतल्या खुर्चीत बसवायचं, दुपार उतरताना जे मऊ ऊन येतं त्यात, आणि मग भलतंच काहीतरी विचारायचं. शाळेत कोणाची कॉपी केलीस? आईच्या हातचं काय आवडत नाही? माणूस हसायला लागला की मावशी फोन उचलायची. त्या फोटोत पावडर नसायची, पोज नसायची, पण माणूस दिसायचा. फोटो पाठवताना खाली एकच ओळ लिहायची, "मी बघितलंय." एवढ्या शब्दावर लोक पुढची बोलणी करायचे.

तिच्या कारकिर्दीत हार एकच, ती म्हणजे मी. चाळिशी उलटली, लग्न केलं नाही, करायचंही नव्हतं. तरी जिन्यात भेटली की मावशी उसासा टाकणार, "तुझं तेवढं राहिलं गो." मी म्हणायचे, "राहू दे ना. सगळा माल खपला तर दुकान बंद करावं लागेल तुला." यावर ती माझ्या पाठीत एक धपाटा घालायची. दुखायचा हं तो.

मी पवईला एका ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते, म्हणून सोसायटीने मला फोनची तज्ज्ञ ठरवून टाकलंय. कुणाचा फोन अडला की रविवारी सकाळी माझी बेल वाजलीच. सल्ला विचारतात मला, फोन घेतात मेव्हण्याच्या पसंतीचा, आणि वाट लागली की पुन्हा माझ्या दारात. वैताग नुसता.

तशीच एका रविवारी मावशी आली. फोन टेबलावर ठेवला तो आपटूनच. "ह्या मेल्याला बघ. म्हातारा झाला."

झालं होतं असं, की बी विंगमधल्या एका मुलीचा फोटो तिने एका स्थळाला पाठवला होता. फोटो हलला होता, धुरकट. पलीकडून मुलाच्या वडिलांचा निरोप आला, 'स्पष्ट फोटो पाठवावा. काही लपवत तर नाही ना?'

"लपवत?" मावशी म्हणाली. "मी?"

मी कॅमेऱ्याची काच पुसली, भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो काढला. तारखा, सण, एकादश्या, सगळं वाचता येत होतं. "फोन बरा आहे गं तुझा." तिने फोन घेतला आणि त्याच कॅलेंडरचा फोटो काढला. सगळ्या तारखा एकमेकींत मिसळल्या होत्या. आम्ही दोघी त्या फोटोकडे बघत बसलो, मग माझी नजर तिच्या उजव्या हाताकडे गेली. फोन खाली ठेवला तरी बोटं हलत होती. मावशीकडचा चहा हल्ली कपबशीतून न येता स्टीलच्या पेल्यातून येतो, तोही अर्धाच, ते का, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं.

"म्हणजे हात," मावशी म्हणाली.

डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्यांनी आवरेल, जाणार नाही. मावशीने त्यांना एकच विचारलं, फोटो काढता येतील का? ते हसले, म्हणाले, "काढा की आजी, मोबाईलवर." बाहेर आल्यावर रिक्षा मिळेपर्यंत ती धुमसत होती. "मोबाईलवर म्हणे. मग काय पाटीवर काढते?"

मी म्हटलं, "मी काढीन फोटो. तू हसव, मी बटण दाबते." वाटलं, केवढा मोठा उपाय सुचवला!

"मग तो तुझा फोटो झाला," ती म्हणाली. "खाली मी काय लिहू? हिने बघितलंय? फोटो गेला की मी गेले बाय. मग मी नुसती जिन्यातली म्हातारी."

रात्रीचं जेवण झाल्यावर मी तिच्या हाताला झेपेल असा दुसरा फोन शोधायला बसले.

शेवटी दोन उरले, किमतीला सारखेच. एक स्वस्तातला, पण नवा कोरा. दिवसभर पुरणारी बॅटरी, वॉरंटी, पुढे काही वर्षं अपडेट. दुसरा काही वर्षांपूर्वी कंपनीचा सगळ्यात भारी फोन होता, आता घाटकोपरच्या एक बाई तो विकत होत्या. बॅटरी थकलेली, काच फुटली तर मिळायची मारामार. माझं मत सरळ नव्याला. पण जुन्यात एक सोय होती. हात हलला की आतलं भिंग उलट बाजूला सरकून फोटो सांभाळून घ्यायचं. स्वस्त फोनात नेमकी तीच नव्हती.

मावशीने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे एक स्थळ तरणंताठं, पण स्वतःपुरतं. दुसरं वयाने मोठं, पण सांभाळून घेणारं."

"मावशी, फोन आहे तो. नवरा नाही."

"दिवसभर हातात कोण असतो? नवरा?"

आधी स्टेशन रोडवरच्या दुकानात गेलो. पोरगा उत्साही होता, "आंटी, मेगापिक्सेल बघा ना!" मावशी म्हणाली, "पत्रिकेत छत्तीस गुण जुळतात रे बाबा, नांदतात कुठे सगळे?" तिने मला दाराच्या उजेडात उभं केलं, हनुवटी धरली, फोटो काढला. त्यात मला दोन नाकं होती. पोरगा म्हणाला, आंटी, हात स्थिर ठेवा. मावशीने तो फोन दोन्ही हातांनी काउंटरवर ठेवला, अगदी जपून, आणि बाहेर आली. मला त्या पोराचा भयंकर राग आला. खरं तर त्याचं काही चुकलं नव्हतं.

घाटकोपरच्या बाई म्हणत होत्या, फोन घेऊन स्टेशनवर येते. मावशी ऐकेना. "स्टेशनवर भेटतात ते पळून जाणारे. मला त्याचं माहेर बघायचंय."

"फोनचं माहेर?"

"मग! कुठल्या हातात वाढलाय ते नको बघायला?"

तर आम्ही फोन बघायला गेलो. मावशीने इस्त्रीची साडी नेसली होती. दाराशी थांबून तिने आधी चपला बघितल्या, एका ओळीत होत्या. आत गेल्यावर पाणी मागितलं. पेला ताटलीत ठेवून आला. मग तिने मला कोपराने ढोसलं. टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिकची पिशवी, वर रबरबँड. "घर सांभाळणारं आहे," ती माझ्या कानात पुटपुटली. त्या बाई शिकवण्या घेणाऱ्या, पन्नाशीच्या. मुलाने नवा फोन आणला म्हणून हा काढत होत्या. त्यांना वाटलं होतं, पाच मिनिटांचं काम. मावशीने उलटतपासणी सुरू केली. रात्री उशाशी ठेवायचात का? नातवंडं खेळायची का? पडलाय कधी? "खरं सांगा. एवढ्यावरून मी मोडणार नाही."

"एकदा पडला होता," बाई घाबरून म्हणाल्या. "पण सोफ्यावर हो."

मी जमिनीकडे बघत हसू दाबत होते. तेवढ्यात मावशी उठली, त्यांना खिडकीपाशी घेऊन गेली आणि हनुवटीखाली बोट ठेवलं. "इकडे बघा. असं नाही. खरं बघा. सोफ्यावर पडला, तेव्हा कोणावर ओरडलात?" बाई खळखळून हसल्या. मावशीने फोन उचलला. हात थरथरत होता, चांगला दिसण्याइतका.

फोटो स्वच्छ आला. पापणीचा केस न केस.

"अय्या, ही मी?" बाई म्हणाल्या. "मला पाठवा ना हा."

"पसंत आहे," मावशी म्हणाली. "साखर आणा."

त्यांनी खरंच साखर आणली! आम्ही तिघींनी चिमूट चिमूट तोंडात टाकली. परत येताना मावशी रिक्षात फोन पदराखाली घेऊन बसली होती, आणि मला उगाचच रडू येत होतं. मी आपली बाहेरचा ट्रॅफिक बघत बसले.

बॅटरीचं मी सांगितलं तेच झालं. दुपार झाली की फोन मान टाकायचा. "तरी मी म्हणत होते," मी म्हटलं. मावशी म्हणाली, "म्हातारं माणूस दुपारी आडवं होतंच." मी तिला पॉवर बँक आणून दिली. तिने त्या बँकेसाठी लोकरीची पिशवी विणून घेतली आणि तिचं नाव ठेवलं पाठराखीण. लग्नानंतर नवरीबरोबर सोबतीला कुणीतरी जातं ना, तशी. मग दोघांना कमरेला लावून मावशी पुन्हा सोसायटीभर हिंडायला लागली.

बी विंगच्या मुलीचा फोटो तिने पहिल्या आठवड्यात काढला. फार सुरेख आला. त्या स्थळाने तरीही नकार दिला, आणि मुलीने नंतर ऑफिसातलाच एक मुलगा शोधला. मला वाटलं मावशी चिडेल. छे! लग्नात पहिल्या पंगतीला बसून म्हणाली, "जुळलं ना? मग झालं. आणि लपवलं कोणी काही?"

दोनेक वर्षं त्या फोनने तिला सांभाळून घेतलं. पण हाताचा कंप वाढतच गेला, पुढे पाय अडखळायला लागले. फोटो पुन्हा हलू लागले. भिंग बिचारं किती सरकणार? मुलीने नाशिकला न्यायचं ठरवलं. मावशी नाशिकला गेली ती पुढच्या उन्हाळ्यात तिथेच गेली. मी तिच्या मुलीला भेटायला गेले तेव्हा भिंतीवर तिचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. तोंड उघडं, डोळे बारीक झालेले, खदखदून हसणारी मावशी. हाराच्या फोटोत माणसं इतकी हसत नाहीत. येणारी माणसं विचारत होती, कुठल्या स्टुडिओतला हो?

तो मी काढलाय. नाशिकला जायच्या आदल्या दिवशी तिने मला हाक मारली होती. गॅलरीतल्या त्या खुर्चीत बसली होती, मांडीवर फोन आणि पाठराखीण.

"आज माझा काढ," ती म्हणाली. "एवढ्यांचे काढले, माझा एक धड नाही. मुलगी माझा लग्नातला फोटो लावेल, त्यात मी कुणाकडे बघतेय तेच कळत नाही."

"काहीतरीच काय बोलतेस!"

"पलीकडून होकार आला की आपली पसंती कोण विचारतंय गो? काढ मुकाट्याने."

मी तिच्या मांडीवरचा फोन घेतला आणि तिच्या हनुवटीखाली बोट ठेवलं. पहिल्यांदाच. तोंड उजेडाकडे वळवलं. "हस ना मावशी."

"उगाच कशी हसू? हसव मला."

मला काही सुचेना. शेवटी म्हटलं, "मावशी, जायच्या आधी माझ्यासाठी एखादं स्थळ तेवढं बघ ना."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग जी फुटली! खुर्ची हलली तिच्या हसण्याने. मी बटण दाबलं, पण डोळ्यांपुढे सगळं पाणी, हात लटलटत होते.

"थांब, परत काढते," मी म्हटलं. "हात हलला माझा."

मावशीने डोळे पुसले. "हलू दे गो," ती म्हणाली. "त्यासाठीच तर घेतला ना तो."