शाळेच्या परसबागेवरची माझी फवारणी

आमच्या गावच्या शाळेची परसबाग कमलबाईने मारली नाही, मी मारली.

एवढं एक वाक्य तोंडातून बाहेर पडायला मला अडीच महिने लागले, आणि एक शाल लागली. आता सगळं सांगतो.

म्हसावदच्या अलीकडे आमचं गाव. चौथीपर्यंतची जिल्हा परिषदेची शाळा. शाळेमागच्या जागेत गाजरगवताशिवाय काही उगवत नव्हतं. नवीन मुख्याध्यापिका बाई आल्या आणि म्हणाल्या, मुलांच्या खिचडीत शाळेचीच भाजी पडली पाहिजे. गावाने हे मनावर घेतलं. शाळा समितीचे अध्यक्ष सुपडूभाऊ (गावातला कुठलाही माइक आधी यांच्या हातात जातो) यांनी ट्रॉलीभर शेणखत टाकलं. एका गुजर घरातून केळीच्या बागेतल्या जुन्या ठिबकच्या नळ्या आल्या. बायकांनी कपाशीच्या पऱ्हाट्यांचं कुंपण घातलं. मी सल्ला दिला.

सल्ला माझ्याकडे भरपूर होता. चाळीस वर्षं कापूस आणि ऊस केलेला माणूस मी. मुलाच्या हाती शेती दिल्यापासून घरात तो कोणी घेत नव्हतं, म्हणून सगळा साठा शाळेवर उतरवला.

कमलबाईला बागेत कोणी बोलावलं नव्हतं. ती शाळेत खिचडी शिजवते. वय पन्नाशीच्या पुढे, बोलणं कमी. भांडी घासून झाली की तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत घेऊन बागेत जायची आणि एकेका रोपाला ओंजळीने घालायची. कोपऱ्यात तिने माहेरच्या बियाण्याचा गिलक्याचा (म्हणजे घोसाळ्याचा) वेल लावला होता. दिवसभर चुलीसमोर बसणाऱ्या त्या बाईला ती अर्ध्या तासाची बाग म्हणजे काय होती, हे मला तेव्हा कळलं नाही. मला एवढंच दिसत होतं की मुलं काही विचारायचं झालं तर तिला विचारतात, मला नाही. (याचा मला राग यायचा. लपवत नाही. लपवायचं असतं तर हे लिहायलाच बसलो नसतो.)

दिवाळीची सुट्टी संपली आणि चवळीवर मावा पडला. पानांच्या खाली बारीक हिरव्या किड्यांचा थर. कमलबाई म्हणाली, चुलीतली राख भुरभुरू. मी हसलो. असं हसलो, की ती बिचारी राखेची पाटी घेऊन तशीच मागे फिरली. मग मी जाहीर केलं की शनिवारी मी स्वतः लिंबोळीचा अर्क फवारणार. घरी बनवलेला, विषाचा थेंब नसलेला.

लिंबोळ्या वाटल्या त्या आमच्या सुमनच्या मिक्सरमध्ये. त्यानंतर दोन दिवस आम्हा नवरा-बायकोचं बोलणं आमची नात पूर्वा हिच्यामार्फत चालू होतं. अर्क रात्रभर भिजला, पण गाळायला फडकं कोण देणार? मी मागायला गेलो, तर सुमनने घरातली पोतेरी सुद्धा माझ्या डोळ्यांसमोर मोजून कपाटात ठेवली.

इथे आमच्या घरचा एक नियम सांगायला हवा. फवारणीचे पंप आमच्याकडे दोन, दोन्ही निळे, जुळे भाऊ. एक औषधाचा, दुसरा फक्त उसातल्या तणनाशकाचा. त्या तणनाशकाचा वास जरी राहिला तरी कपाशी वाकडी होते, भाजीपाल्याचं तर विचारूच नका. म्हणून तणनाशकाच्या पंपाला लाल फडकं बांधायचं, हा नियम मीच केलेला. त्यावर मी अख्ख्या गल्लीला भाषणं दिलेली. पोरगा कधी विसरला तर जेवणावरून उठून ओरडायचो.

तर, मी गोठ्यात गेलो आणि समोर ते लाल फडकं दिसलं. जाड, मोठं, गाळायला अगदी योग्य. ते सोडलं. धुतलं (हो, साबणाने धुतलं, मी काही अडाणी नाही!) आणि त्यातून अर्क झकास गाळला. मग वळून दोन निळ्या पंपांपैकी जो हाताला जवळ होता तो उचलला.

शनिवारी सकाळच्या शाळेत कार्यक्रम झाला. पोरं ओळीत उभी. फवारा पानाच्या खालून कसा मारायचा यावर मी वीस मिनिटं बोललो आणि एकही पान सोडलं नाही. गावच्या ग्रुपवर फोटो गेला, अंगठे आले. सुमनने सुद्धा एक अंगठा पाठवला, म्हणजे अबोला संपला.

बुधवारी शाळेतून बोलावणं आलं.

चवळीचे शेंडे दोरीसारखे पिळवटलेले. टोमॅटोची पानं शेवेसारखी बारीक आणि वाकडी. वांगी मान टाकून बसलेली. मला एका नजरेत कळलं. कापूस करणाऱ्या कुठल्याही माणसाला कळेल. डोळ्यांसमोर गोठा आला, आणि भिंतीवरचे ते दोन निळे पंप, दोघांच्याही गळ्यात काही नाही.

मी तोंड उघडणारच होतो. खरं सांगतो, उघडलं होतं. पण माझ्या तोंडाआधी सुपडूभाऊंचं चालू झालं.

"कमलबाईनी गरम पेज वती दिधी व्हई," ते म्हणाले, तिनेच गरम पेज ओतली असणार अशा खात्रीने. "रोज बादली ली जास ती."

मुख्याध्यापिका बाई माझ्याकडे वळल्या. "आप्पा, तुम्ही जाणकार. असं होऊ शकतं का हो?"

कमलबाई दारात उभी होती, हातात डाव. तीही माझ्याकडेच बघत होती. आप्पा सांगतील तेच खरं, अशी.

मी म्हणालो, "व्हई शकस."

माझा सगळा गुन्हा एवढाच. पण तो पुरला. बाईंनी तिला अगदी गोड शब्दांत सांगितलं की आता काही दिवस बागेत नको जाऊ. ती बरं म्हणाली आणि डाव धुवायला गेली.

एवढी अक्कल शिल्लक होती, की यातली एक शेंगसुद्धा पोरांच्या पोटात जाता कामा नये. पसरणारा रोग आहे असं सांगून मी सगळी बाग उपटली आणि लांब खड्डा करून पुरली. गिलक्याचा वेलही. त्याला दोन गिलकी लागली होती. गाव म्हणालं, बघा, या वयात आप्पा किती राबतात!

मग मी खरंच राबलो. वरची माती काढून फेकली, नदीकाठची नवी आणली, रोपं आणली, रोज दोन तास गुडघे धरून वाकलो. जितका अपराध आठवायचा तितकी बाग फुलायची आणि जितकी बाग फुलायची तितकं माझं कौतुक व्हायचं. रोज ठरवायचो, आज कमलबाईला सांगायचं. रोज तिच्या चुलीपाशी जायचो, घसा साफ करायचो आणि म्हणायचो, "आज खिचडीना वास चांगला यी ऱ्हायना." तिला वाटलं, आप्पांना खिचडी आवडते. ती माझ्यासाठी रोज एक ताटली झाकून ठेवू लागली. मी ती रोज खाल्ली. अडीच महिने! माझ्या पापाचं वजन तुम्ही विचाराल तर साधारण चार किलो भरेल.

आणि मग सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर माझा सत्कार ठरला. शहाद्याहून शाल आणली, नारळ आणला. ओवाळायला पाच बायका, त्यांत ताट धरून कमलबाई. तिने माझ्या कपाळाला कुंकू लावलं तेव्हा मला राहवलं नाही. सुपडूभाऊंच्या हातून मी माइक ओढून घेतला (हेही गावात पहिल्यांदाच झालं) आणि बोललो. फडकं, पंप, तणनाशक, सगळं.

मग सुपडूभाऊंनी भरल्या डोळ्यांनी माइक परत घेतला. म्हणाले, एका गरीब बाईची चूक स्वतःच्या अंगावर घेणारा असा दिलदार माणूस आपल्या गावात आहे! टाळ्यांचा कडकडाट. मी ओरडत होतो, अहो खरंच मी! तशा टाळ्या वाढत होत्या. कोणीतरी दुसरा नारळ दिला.

तेवढ्यात बायकांच्या रांगेतून सुमन उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तिलाही आत्ताच सगळं जुळलं होतं.

"खरं सांगी ऱ्हायनात ते," ती म्हणाली. "फडकं मांगाले उनथात, मी दिधं नही. असा शहाना मानूस आख्खा गावमा आम्हनाच घर शे."

यावर मात्र सगळ्यांचा लगेच विश्वास बसला. तीन वाक्यांत चाळीस वर्षांची जाणकारी गेली. टाळ्या थांबल्या. पूर्वा पहिल्या रांगेतून माझ्याकडे कशी बघत होती, ते सांगत नाही.

कमलबाईने ताट खाली ठेवलं. ओरडेल, रडेल, असं वाटलं. ती हळूच बोलली, मला ऐकू येईल एवढंच.

"आप्पा, मी तं खरंच मानी लिन्हं व्हतं. मन्हा हातमाच काही वाईट शे असं. घरनी तुळशीले बी मी पानी घालं नही इतला दिन. सूनले सांगे, तू घाल."

मी शाल काढली. काय करावं ते सुचेना म्हणून तिच्या खांद्यावर घालायला गेलो. तिने ती घेतली, घडी केली आणि सुमनच्या हातात दिली. मग मला म्हणाली, "चाला, बाग दखाडा माले. मी देखेल नही अजून."

तिथून ती सरळ बागेत गेली आणि तासभर बाहेर आली नाही. जाताना सुपडूभाऊंना तिने दारातच थांबवलं. मला आत येऊ दिलं, पण हात मागे बांधून.

आता बाग कमलबाईच्या ताब्यात आहे. कोपऱ्यात गिलक्याचा नवा वेल चढतोय, बी पुन्हा तिच्या माहेरून आलं. रोज संध्याकाळी ती तुळशीलाही स्वतः पाणी घालते, हे तिच्या सुनेने मला मुद्दाम थांबवून सांगितलं. शाळेच्या फळ्यावर बागेच्या कामांची यादी लिहिलेली असते: पाणी घालणे, तण काढणे, पालापाचोळा गोळा करणे. माझं नावही यादीत आहे, नाही असं नाही. सगळ्यात खालचं काम आहे, 'आप्पांवर लक्ष ठेवणे'. या आठवड्यात पाळी दुसरीच्या वर्गाची आहे. पोरं फार कडक आहेत. काल बागेत शिरण्याआधी मला माझा जेवणाचा डबासुद्धा उघडून त्यांना वास द्यावा लागला.