ड्रिकावहिनीचं कापूसगवत

आमची ड्रिकावहिनी म्हणजे अख्ख्या गावाला पुरून उरणारी बाई. माझा भाऊ गेल्यावर हॉलंडमधल्या आमच्या पेलच्या दलदलीतली जळणाची काळी माती ती एकटीच कापायची, वाळवायची, विकायची. शिवाय घरापुढच्या घट्ट जमिनीत बटाटे. त्यांच्यावर तिचा भारी जीव. मला, सख्ख्या दिराला, मोजून चार द्यायची!

एकोणचाळीसच्या वसंतात जर्मनांना अडवायला सैन्यानं दलदलीतून कालवा काढायला घेतला. उत्तरेकडचा लेफ्टनंट स्मेडिंग आला आणि त्यानं खुंट्या ठोकल्या त्या नेमक्या बटाट्यांत. घराला धक्का नव्हता, ते कालव्याच्या अलीकडे, आपल्या सैनिकांच्या मागे राहणार होतं. पण वहिनीचं डोकं फिरलं. जर्मन येतील तेव्हा येतील, हा मेला आत्ताच आलाय, म्हणाली.

पांढरं कापूसगवत दिसलं की खाली तळ नाही, खणलं तर कड ढासळते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. स्मेडिंगला ते आम्हीच शिकवलेलं. रविवारी गाव चर्चमध्ये असताना वहिनीनं मला जुंपलं. दलदलीतून गवताची ढेकळं आणून आम्ही वावरभर लावली, वर बादल्याच्या बादल्या पाणी ओतलं. माझी प्रार्थना बुडाली, कंबर मोडली ती वेगळीच.

सोमवारी स्मेडिंगनं गवत पाहिलं, मान डोलावली आणि खुंट्या उपटून घराच्या पाठीमागे शंभर पावलांवर नेल्या. वहिनीनं मला जिनचा पेला भरून दिला. माझा तर विश्वासच बसेना.

ऑगस्टात हुकूम आला. कालव्यापलीकडची घरं गोळीबाराच्या आड येतात, ती पाडायची. पलीकडे घर एकच होतं.

वहिनी धावत स्मेडिंगकडे गेली, मागे मी. तिनं सगळं कबूल केलं. स्मेडिंग म्हणाला,

"मावशी, मला तेव्हाच कळलं होतं. कापूसगवत कधी सरळ ओळीत उगवतं का? तुम्ही ते बटाट्यांसारखं लावलंत."

"मग बोलला का नाहीस, मुडद्या?"

"मला वाटलं, बटाटे वाचवायचेत तुम्हाला. घरांचा हुकूम निघेल हे मला कुठे ठाऊक होतं? आता अर्धा कालवा खणून झालाय."

वहिनी वळली आणि घराकडे चालू लागली. मला फार वाईट वाटलं.

घर पाडलं त्या दिवशी ती पाठ फिरवून बटाटे काढत होती. अकरा पोती निघाली. पोत्यांसकट माझ्याकडे राहायला आली आणि पहिल्याच संध्याकाळी माझ्या बायकोला म्हणाली, साल जाड काढतेस. सुरी हिसकावून स्वतः सोलायला बसली. एक बटाटा सोलला, दुसरा सोलला, आणि तिसरा सोलताना तिला हुंदका फुटला.