साडूभाऊंचा डावा हात

अख्ख्या सोलापुरात आजारी पडावं तर ते आमच्या साडूभाऊंनी. बाकीची माणसं नुसती अंथरूण धरतात. यांचं आजारपण असं काही रंगलं की बघणाऱ्याला वाटावं, आपल्यालाही जरा काहीतरी व्हावं. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे हे यजमान, सासूबाईंच्या घरीच राहणारे. लग्नाच्या मांडवापासून मला त्यांचा हेवा वाटत आला आहे आणि तो लपवायचे कष्ट मी कधी घेतले नाहीत. मी हेडक्लार्क झालो तेव्हा सासूबाई ‘बरं झालं’ म्हणाल्या आणि मेथी निवडत राहिल्या. यांनी एकदा पानाचा विडा नीट दुमडला, तर ते कौतुक आठवडाभर गल्लीत फिरत होतं.

साडूभाऊ नव्या पेठेतल्या एका चादरीच्या दुकानात विक्रीला उभे राहत. घडीची चादर दोन्ही हातांनी धरून ते खांद्यातून असा झोका देत, की ती हवेत पुरती उघडायची आणि एकही चुणी न पडता गिऱ्हाइकाच्या पुढ्यात उतरायची. टॉवेल घ्यायला आलेली माणसं चादर घेऊन जात. मी एकदा घरी दार लावून तसं करून पाहिलं, तर कपाटावरचं घड्याळ खाली आलं. मग सन पंचाहत्तर-शहात्तरच्या सुमाराला एका सकाळी चहा पिता पिता साडूभाऊंच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय लवकर सावरला. हात मात्र खांद्यापासून लोंबत राहिला. दुकानाचे शेठ भले. ‘दिवाळीपर्यंत जागा ठेवतो, पण चादर टाकता आली पाहिजे,’ म्हणाले. साडूभाऊंना जन्मात दुसरं काही काम येत नव्हतं.

हात कुणी ओढायचा नाही, लोंबकळू द्यायचा नाही, खाली उशी द्यायची, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. साडूभाऊंनी त्याचा भलताच अर्थ काढला. “ह्यो हात न्हाय, रुसलेला जावई हाय,” ते म्हणाले. “जावई वढून उटतो व्हय? आग्रह करावा लागतो.” झालं. हाताला पांढऱ्या अभ्र्याची उशी आली, अंगावर उपरणं आलं. बोटं मिटून बसली की साडूभाऊ हळूच म्हणत, “जावईबापू, उटा की. पाट मांडलाय.” एकदा मी त्या उशीशेजारी टेकलो, तर सासूबाई घाईघाईने म्हणाल्या, “तितं नगा बसू, जावयाला धक्का लागंल.” त्या घरचा थोरला जावई मी, आणि मला उठून दारातल्या पोत्यावर बसावं लागलं, एका हातासाठी.

व्यायामाच्या वेळी तर तिथे जत्रा भरायची. उजव्या हाताने डावा धरून वर न्यायचा, मग बोटं मुंगीसारखी भिंतीवर चढवायची. जिथवर चढतील तिथे सासूबाई कुंकवाचं बोट लावत. माझी बायको तिकडून आली की पदराने डोळे टिपत सांगायची, “अवो, धाकटीच्या मालकांची बोटं आज खुंटीपत्तुर गेली.” त्याच खुंटीवर मी इतकी वर्षं टोपी अडकवतो आहे. कुणाला कधी गहिवरून आलेलं मी पाहिलं नाही.

पण खुंटीच्या वर काही ते कुंकू सरकेना. दसरा झाला. साडूभाऊंच्या गप्पा कमी झाल्या. पहाटेच उठून भिंतीशी उभे राहतात, असं मेव्हणी सांगू लागली. दिवाळी तोंडावर आली तेव्हा त्यांनी दुकानात जाताना सोबतीला मलाच बोलावलं. मनातून मी सुखावलो.

दुकानात समोर एक खरंखुरं गिऱ्हाईक बसलं होतं. साडूभाऊंनी मोराची चादर घेतली, डाव्या हाताला काहीतरी पुटपुटले आणि झोका दिला. उजवं टोक वर गेलं. डावं छातीपाशीच राहिलं. चादर तिरकी होऊन गिऱ्हाइकाच्या पायात पडली. शेठनी ती स्वतः उचलली, घडी घातली आणि म्हणाले, “उद्यापासून तुम्ही गल्ल्यावर बसा.” नोकरी राहिली होती. साडूभाऊ सगळ्यांना हसून नमस्कार करायला गेले आणि एकाच हाताने करून बाहेर आले.

चौकात आल्यावर ते थांबले. मग म्हणाले, “खरं सांगू का साडू? मला तुमचा लई हेवा वाटला आज.”

“माझा?”

“व्हय की. आत तुमी दोनी हात डोक्यामागं घालून भिंतीला टेकून उबा होता. उगाच. तुमच्या ध्यानातबी नसंल.”

त्या घरातल्या कुणीतरी एकदा तरी माझा हेवा करावा, अशी माझी किती वर्षांची इच्छा होती. ती पुरी झाली, आणि मला ती नको झाली. दोन्ही हात कुठे ठेवावेत तेच कळेना. तेवढ्यात समोरून रिकामा टांगा आला. नुसता हात वर केला असता तर थांबला असता. मी केला नाही. टांगा निघून गेला आणि आम्ही दोघे हळूहळू चालत घरी आलो.