वणीचे लोहचुंबक आणि माझा ब्रेक

आधी सलीमभाईंचे नाव घेतो, मग बाकीचे. मुकुटबनात त्यांचे गॅरेज आहे. भाई सोबत नसते तर वणीच्या त्या खोलीतून मी पळूनच आलो असतो.

मी कोकणातला, राजापूरकडचा, आठवीतून शाळा सोडलेला, सध्या इकडे विदर्भात ट्रकवर ड्रायव्हर. वणीला डॉक्टर लोक आले होते. चालता हात माणूस ऐन वेळी कसा आवरतो, हे त्यांना ड्रायव्हरांवर बघायचे होते. गॅरेजवालाही गाड्या चालवतोच, म्हणत सलीमभाईंनी आमची दोघांची नावे देऊन टाकली. माझ्याच रिकाम्या ट्रकने निघालो. दोन्ही बाजूंना कपाशी. वणी जवळ आली तशी कपाशीच्या पानांवर खाणींतल्या कोळशाची धूळ. स्टँडसमोर तर्री-पोहे (वरून झणझणीत रस्सा ओतलेले) घेतले, पण माझी बशी भाईंनीच संपवली.

खोलीत डॉक्टरबाईंनी आठाच्या आकड्यासारखे लोहचुंबक दाखवले. ते डोक्याला लावून मेंदूला बाहेरूनच टिचकी द्यायची.

"भाई, मला नाय जमायचं. ब्रेकच विसरलो तर?"

"काहून (का) भेऊन राह्यला बे कोकण्या? वाघ हाय का तो? मॅडम, पयले माह्या डोक्यावर ठेवा. तसंही आत काई नाई."

ते हसत बसले, हसत उठले. मग मी. टक्! माझे बोट आपोआप उडाले. बोट माझे ऐकत नाही, तर पाय काय ऐकणार?

"आता नुसता सराव," बाई म्हणाल्या. "हिरवा बाण दिसला की बटण दाबा. तो लाल झाला तर थांबा. नको वाटलं तर केव्हाही उठा."

लाल झाला की मी उलट जोरात दाबी. परत परत तेच. वाटले, गेले डोके कामातून. तेवढ्यात बाई टेबलाखाली वाकल्या. दर लालला माझा उजवा पाय फरशीवर आपटत होता.

"अहो, चुंबक तर बंद आहे. ही तुमची ड्रायव्हरकी!"

खरेच. मला थांबायचे म्हणजे दाबायचे एवढेच ठाऊक. इथे थांबणे म्हणजे काहीच न करणे होते. मग चुंबक लावूनही खेळलो. काही जमले, काही चुकले.

बाईंनी बराच वेळ बसवून, तपासून सोडले. तरी परतताना मी पुन्हा पुन्हा ब्रेक चाचपून बघत होतो. मुकुटबनच्या अलीकडे, मोकळ्या रस्त्यावर सलीमभाई एकदम ओरडले, "थांब!"

मला कळायच्या आत ट्रक उभा होता. भाईंचे कपाळ काचेवर आपटले.

"तुहं डोकं ठीक हाय," कपाळ चोळत ते म्हणाले. "माहं गेलं."

भीती अजून पुरती गेलेली नाही. पण घरापासून इतक्या लांब कुणी माझ्यासाठी दोनदा आपले डोके पुढे करील, असे वाटले नव्हते. भाईंनी समुद्र पाहिलेला नाही. एक दिवस त्यांना माझ्या गावी नेईन, आणि पहिली लाट येईल तेव्हा त्यांचा हात धरून उभा राहीन.