काळवीट छाप रेनकोट आणि अप्पांची घागर

पावसाळा संपत आला, की शाळेच्या स्टाफरूमच्या कोपऱ्यात बेवारस छत्र्या साठतात. त्या कुणी मुद्दाम गोळा केलेल्या नसतात. कुणी ऊन पडलेलं पाहून तसंच घरी जातं, कुणाची बदली होते, कुणी निवृत्त होतं. छत्री मात्र राहते. किस्स्यांचंही तसंच आहे. माणसं उठून जातात, दुकानं बंद होतात आणि त्यांचे किस्से आपल्या कोपऱ्यात उभे राहतात. माझ्याकडे बिदर जिल्ह्यातल्या भालकीच्या एका दुकानाचे असे बरेच साठले आहेत. ते परत न्यायला आता कुणी येणार नाही, म्हणून सांगून टाकते.

दुकान शिवरुद्रप्पांचं. सगळा गाव त्यांना अप्पा म्हणे. रेनकोट, गमबूट, ताडपत्री, कॅनव्हासच्या पाठपिशव्या, कापडी खोळीच्या पाण्याच्या बाटल्या. उघड्यावर काम करणाऱ्या माणसाला लागेल ते सगळं तिथे मिळे, आणि सगळं एकाच कंपनीचं : ‘काळवीट छाप’. उडी मारणारं काळवीट प्रत्येक कोटाच्या छातीवर शिवलेलं असे. आमच्या भागात रेनकोट हा शब्दच कुणी वापरत नसे. "काळवीट घेतलंस का रे?" असं आई मुलाला विचारी.

मी तिथल्या मराठी शाळेत आयुष्य काढलं, गाइडच्या मुलींना घेऊन रानोमाळ शिबिरं केली आणि निवृत्त झाल्यावर संध्याकाळी अप्पांच्या बाकावर जाऊन बसू लागले. बाकावर दुसरे असत सूर्यवंशी सर. मूळचे खटकचिंचोळीचे, गुलबर्ग्याच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. आणि ओट्यावर शिलाई मशीन मांडून बसत ते ख्वाजामियाँ. कोटाची उसवलेली शिवण शिवून तिच्यावर मेण चढवायचं, हे त्यांचं काम.

गेल्या दिवाळीत ते दुकान बंद झालं. त्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

०

अप्पांच्या दुकानाची एक रीत होती. पाणी घातल्याशिवाय कोट विकायचा नाही! दुकानाच्या दारात एक मोठी शहाबादी फरशी होती. गिऱ्हाइकानं कोट घालून, टोपीची नाडी आवळून त्या फरशीवर उभं राहायचं. अप्पा स्टुलावर चढत आणि तांब्याची भरलेली घागर त्याच्या डोक्यावर उपडी करत. मग कॉलरीतून आत हात घालून पाठ चाचपत आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडत, "कोरडा!" त्यानंतरच कोटाची घडी कागदात बांधली जाई.

ही रीत त्यांच्या वडिलांपासूनची. दुकान उघडताना बसवण्णांच्या फोटोपुढे त्यांनी तसा शब्द दिला होता, आणि अप्पांनी तो वारशात घेतला होता.

मी पहिल्यांदा कोट घ्यायला गेले, तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. घागर पाहून मी ताडकन म्हणाले, "मी शिक्षिका आहे. भर बाजारात मला आंघोळ घालणार का तुम्ही?"

अप्पा शांतपणे म्हणाले, "बाई, परीक्षा घेतल्याबगर तुमी पोरीला वरच्या वर्गात घालता का?"

मी फरशीवर उभी राहिले. बायकांची पाठ चाचपायला आतून अप्पांच्या पत्नी, शरणक्का, येत. त्यांनी हात घातला आणि ओरडल्या, "कोरडी!" समोरच्या बांगड्यांच्या दुकानातून टाळ्या आल्या. पाहते तो माझ्याच वर्गातल्या मुली!

दुसऱ्या दिवशी फळ्यावर कुणी तरी लिहून ठेवलं होतं, ‘बाई पास’.

०

त्या काळी आमच्याकडे लग्नाचा बस्ता बांधताना जावयासाठी एक काळवीट घेतलंच जाई. कोहिनूर गावचा नागनाथ असाच सासऱ्याबरोबर आला. सोबत दोन्हीकडची वऱ्हाडी मंडळी, सामानाच्या गाठोड्यांसह. नागनाथ नव्या धोतरात होता. घागर पाहून त्याचा चेहरा उतरला. तो सासऱ्याच्या कानाशी लागला, "मामा, नवं धोतर हाय. भिजलं तर?"

सासरा म्हणाला, "भिजलं तर कोट माघारी. हुबा ऱ्हा!"

नागनाथ उभा राहिला. घागर ओतली. अप्पांनी हात घातला आणि "कोरडा!" असा पुकारा केला. मंडळी खूश झाली. नागनाथनं ऐटीत टोपी मागे सारली आणि सासऱ्याकडे पाहिलं.

"कोट पास झाला," सासरा म्हणाला, "जावयाचं अजून बघायचं हाय!"

०

ख्वाजामियाँ आणि अप्पा यांचं रोज भांडण होई. कारण एकच : काळवीट फाटत नसे.

"कायकू बेचते अप्पा ऐसे कोट?" ख्वाजामियाँ हातातलं मेण आपटत म्हणत. "बाप पैनता, बाद में बेटा पैनता, शिवण वैसीच! मै क्या खाऊँ?"

अप्पा म्हणत, "तुज्यासाठी कच्चं शिवायला सांगू का कंपनीला?"

पुढे कंपनी विकली गेली. कुणी घेतली, कशासाठी घेतली, हे भालकीला कुणी कळवलं नाही. एका वर्षी नव्या मालाच्या पेट्या आल्या, एवढंच. छातीवरचं काळवीट गेलं होतं. त्याच्या जागी दोन वाकड्या रेघा होत्या. अप्पांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, "शिंगं ठिवलेत. जनावर मारलं."

कापड इतकं पातळ, की त्यातून मला समोरच्या दुकानाची पाटी वाचता आली. शिवण तर नव्हतीच. तुकडे गरम करून एकमेकांना चिकटवलेले. पहिल्याच पावसाळ्यात लोक दुसऱ्या दुकानांतून घेतलेले, फाटलेले कोट घेऊन ख्वाजामियाँकडे आले. त्यांनी सुई घातली, तर टाक्याटाक्यापाशी कापड चिरत गेलं. त्यांनी एक कोट करून पाहिला, दुसरा करून पाहिला आणि मशीनवर झाकण घातलं.

"पैले फटता नै था, तो काम नै था," ते म्हणाले. "अब सिलता नै, तो काम नै!"

त्या दिवशी अप्पा भांडले नाहीत.

०

नवा माल आल्यावर काही दिवसांनी बेंगळूरहून कंपनीचा माणूस आला. टाय लावलेला, हसतमुख. अंगात नवा कोट घालूनच आला होता. त्यानं लॅपटॉपवर हिरवे डोंगर दाखवले, डोंगरांवर उभी असलेली गोरी माणसं दाखवली आणि कानडीत सांगितलं, की आता कंपनी कपडा विकत नाही, अनुभव विकते!

मी विचारलं, "अनुभव विकता ते ठीक. पाऊस थांबतो का?"

"मॅडम, लाइट रेन थांबतो."

"आणि जोराचा?"

"जोराच्या पावसात बाहेर जाऊ नये, मॅडम."

सूर्यवंशी सर बाकावरून म्हणाले, "मग तर बनियनसुद्धा चालतंय की!"

अप्पा स्टुलावर चढले, घागर उचलली आणि त्या गृहस्थाला खुणेनं फरशी दाखवली. अंगात कोट होताच.

तो गृहस्थ दोन पावलं मागे सरकला. "नको, नको सर," तो घाईघाईनं म्हणाला, "मला एसी बसनं परत जायचंय. भिजलो म्हणजे?"

०

सूर्यवंशी सरांच्या खांद्याला एक काळवीट पाठपिशवी कायम असे. नोकरीभर विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी जे जे दगड फोडले, ते सगळे त्या पिशवीतून गुलबर्ग्याला गेले. रंग उडालेला, कडा पांढऱ्या पडलेल्या, तळाला बिदरच्या लाल दगडाचा डाग.

मागे एकदा ते गुलबर्ग्याच्या एका नव्या मॉलमध्ये नातीसोबत गेले होते. बाहेर पडताना पहारेकऱ्यानं अडवलं.

"सर, बिल?"

"कशाचं बिल?"

"या बॅगचं."

सर थक्क झाले. पहारेकऱ्यानं त्यांना आत नेऊन दाखवलं. काचेच्या कपाटात रांगेनं तशाच पिशव्या टांगलेल्या. रंग उडवलेल्या, कडा घासलेल्या, आणि त्यांच्यावर चक्क जुनं काळवीट! वर पाटी होती : ‘व्हिंटेज कलेक्शन’. ज्यांनी ते जनावर मारलं, त्यांनीच त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते मांडलं होतं.

सर चिडले. "अहो, ही माझी स्वतःची पिशवी आहे. आयुष्यभर वापरली आहे. हा तळाचा डाग पाहा. लाल दगडाचा आहे. हा तुमच्या कारखान्यात पडतो का?"

पहारेकऱ्यानं कपाटातली एक पिशवी काढून उलटी केली. "पडतो की, सर," तो नम्रपणे म्हणाला. "हे बघा. छापलेलाय."

नात मध्ये पडली, फोनवरचे जुने फोटो दाखवले, तेव्हा सुटका झाली. सर हा किस्सा सांगताना हसत असत. मात्र त्या दिवसापासून पिशवी त्यांनी खांद्याला लावली नाही.

०

खरी परीक्षा अप्पांची झाली.

नव्या मालातला पहिला कोट घ्यायला वीजमंडळातला लाइनमन राजू आला. भर पावसात खांबावर चढणारा माणूस. रीतीप्रमाणे फरशीवर उभा राहिला. अप्पांनी घागर ओतली. कॉलरीतून हात घातला आणि बाहेर काढला. हात ओला होता.

बाजार पुकाऱ्याची वाट पाहत होता. अप्पा नुसते हाताकडे पाहत राहिले.

राजूला त्यांची दया आली असावी. तो हळूच म्हणाला, "अप्पा, घाम असंल हो!"

अप्पांनी तो कोट विकला नाही. राजूला टॉवेल दिला, चहा पाजला, पाठवून दिला. दुसऱ्या गिऱ्हाइकाचं तेच, तिसऱ्याचं तेच. नापास कोटांचा ढीग फळीवर चढत गेला. पावसाळ्यात गिऱ्हाइकं येत आणि अंग पुसून परत जात. शेवटी अप्पांचा मुलगा महेश बोलला. मुलगा वाईट नाही, माझाच विद्यार्थी.

"अप्पा, समदी दुकानं हाच माल इकायलेत. आपणच लोकायला भिजवून घरी धाडायलोत! एक तर पाणी बंद करा, न्हाई तर दुकान बंद करा."

"मी शब्द मोडू का, महेश?"

"शब्द जुन्या कोटासाठी होता. ते कोट हायेत का आता?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? मी नापास मुलीला कधी वर ढकललं नाही, आणि माझ्याच शाळेत पुढे आठवीपर्यंत सगळ्यांना पास करायचा नियम आला. तेव्हा मी तरी काय केलं होतं? प्रगतिपुस्तकांवर सह्या केल्या होत्या.

अप्पा ‘बरं’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी महेशनं घागर घासूनपुसून काचेच्या शोकेसमध्ये ठेवली. रिकामी बरी दिसेना, म्हणून तिच्यात प्लॅस्टिकची फुलं खोवली.

०

दुकानाच्या शेवटच्या पावसाळ्यातली गोष्ट. महेश माल आणायला गुलबर्ग्याला गेला होता. गल्ल्यावर अप्पा एकटे, बाकावर आम्ही दोघं, ओट्यावर झाकलेल्या मशीनशी ख्वाजामियाँ. बाहेर असा पाऊस, की रस्ता दिसत नव्हता. पत्र्याच्या पन्हाळीतून फरशीवर धो धो धार पडत होती.

त्या धारेतून एक माणूस वर आला. कोहिनूरचा नागनाथ! केस पिकलेले, अंगात तोच सासऱ्यानं घेतलेला कोट. खांद्यावर आणि कोपरावर ख्वाजामियाँची ठिगळं, छातीवर काळवीट शाबूत.

"अप्पा, लेकीचं लगीन काढलंय," तो म्हणाला. "जावयाला काळवीट पायजे."

अप्पांनी फळीवरून एक नवा कोट काढून समोर ठेवला. नागनाथनं तो उलटून पाहिला, दोन बोटांत कापड चोळून पाहिलं, रेघांवरून अंगठा फिरवला. मग सवयीनं फरशीकडे वळून म्हणाला, "मीच हुबा ऱ्हातो. पोरगा माज्याच मापाचा हाय. घागर आणा, अप्पा."

आम्ही तिघंही खाली पाहू लागलो. शोकेसमध्ये घागर फुलं घेऊन बसली होती.

अप्पांनी गल्ल्याचा खण उघडला, पुन्हा बंद केला. मग म्हणाले, "आज नळाला पाणी न्हाई, नागनाथ."

पन्हाळीच्या आवाजात ते वाक्य जेमतेम ऐकू आलं. नागनाथनं बाहेरच्या पावसाकडे पाहिलं. घागरीतल्या फुलांकडे पाहिलं. मग अप्पांकडे.

"व्हय अप्पा," तो म्हणाला, "औंदा पाण्याची लईच टंचाई हाय."

त्यानं पैसे ठेवले. नव्या कोटाची घडी घातली, आपल्या कोटाची बटणं सोडली, ती घडी आत पाठीशी नीट सारली आणि बटणं गळ्यापर्यंत लावली. टोपीची नाडी आवळली. पायरी उतरला आणि फरशीवर, बरोब्बर पन्हाळीच्या धारेखाली, आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

"बघा, अप्पा," तो मान न वळवता म्हणाला.

अप्पा गल्ल्यावरून उठले. चष्मा काढून ठेवला, दारात गेले. धार त्यांच्याही अंगावर पडत होती. सदरा पार भिजला. त्यांनी नागनाथच्या कॉलरीतून आत हात घातला, त्या घडीपर्यंत नेला आणि तसाच ठेवला.

बाजारात कुणी नव्हतं. तरीही अप्पा पूर्वीसारखे मोठ्यानं ओरडले,

"कोरडा!"